शिल्लक छाप

आरटीओच्या दारातलं टेबल मी का आवरलं, असं कुणी विचारलं की मी गुडघे पुढे करतो. गुडघे खरोखरच दुखतात, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही होत नाही. पण संपादकांनी 'मनापासून लिहा' असा निरोप धाडला, आणि मनापासून लिहायचं तर नुसत्या गुडघ्यांवर भागणार नाही.

माझं आडनाव शिकलगार. आजा गावोगाव फिरून विळे-कोयत्यांना धार लावायचा, बाप कुलपं दुरुस्त करायचा, आणि मी तीस वर्षं लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचं टेबल टाकून जुन्या मोटारसायकली एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करून दिल्या. लोखंड काही घराण्यातून सुटलं नाही. ऑफिसातले कारकून, पोलीस, गिऱ्हाइकं, सगळे मला चाचा म्हणायचे.

एजंट म्हणजे रांग चुकवून देणारा, एवढंच लोकांना ठाऊक. ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण जुनी गाडी घेतली की माणसाला फक्त किल्ली मिळते. गाडी मिळते ती कागदावर नाव लागल्यावर. मलकापूरच्या एका गुरुजींनी कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊन टाकली. ती पाच हात फिरली आणि कुणीच नाव लावून घेतलं नाही. पुढे त्या गाडीवर दारूचे कॅन सापडले, तेव्हा पोलीस थेट गुरुजींच्या वर्गात. गुरुजी मला सांगत होते, "चाचा, मला गाडीचा रंगसुद्धा आठवत नव्हता हो." त्यांना सोडवता सोडवता माझ्या चपला झिजल्या.

विम्याचं तर आणखी नाजूक असतं. विमा माणसाचा नसतो, गाडीचा असतो. आणि गाडी म्हणजे टाकी नाही, सीट नाही, नंबरप्लेटही नाही. गाडी म्हणजे चेसिस. हँडलच्या खाली, मानेपाशी, लोखंडात ठोकलेला एक लांबलचक नंबर असतो. हँडल पूर्ण एका बाजूला वळवलं तरच तो दिसतो. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस आधी तिथेच वाकून बघतो. तो नंबर आणि पॉलिसीवरचा नंबर जुळला नाही, तर हप्ते कितीही वेळेवर भरलेले असोत, भांडण अटळ.

म्हणून ट्रान्स्फरच्या फॉर्मवर त्या नंबरची छाप लावावी लागते. रॉकेलच्या बोळ्यानं नंबर पुसायचा, त्यावर पेन्सिलीचं शिसं घासायचं, वरून चिकटपट्टी दाबायची, अलगद उचलायची आणि फॉर्मवर चिकटवायची. आकडे कागदावर जसेच्या तसे उतरतात. काम पोरखेळासारखं दिसतं, पण हात हलला की तिनाचा आठ होतो. माझी छाप बघून कारकून मान वर न करता फाईल पुढे सरकवायचे. एका पेंटरनं नंबरावरच पुट्टी भरून रंग मारला होता, तो नंबर मी तासभर नखानं खरवडून वाचला होता. मला या कामाचा गर्व होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आणखी एक सवय होती. एका वेळी मी तीन छापा घ्यायचो. एक फाईलला आणि दोन शिल्लक. फॉर्म खराब झाला, शाई सांडली, तर परत गाडीपाशी जायला नको. शिल्लक छापा मी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात ठेवायचो. शोरूमवालेही तेच करतात. नव्या गाडीच्या फाईलला दोन-तीन जादा छापा टाचलेल्या असतात.

आता विलासची गोष्ट. पलूसजवळच्या एका खेड्यातला हा जवान. सुट्टी संपत आली असताना एके सकाळी मोटारसायकल घेऊन माझ्याकडे आला. गाडी काळी, सहा-सात वर्षांची, पण वर्षातून दोन महिनेच चाललेली, त्यामुळे नव्यासारखी. पलूसच्या एका कंपाउंडरशी सौदा झाला होता.

"चाचा, उद्या दुपारी मिरजेतनं रेल्वे हाय माजी. परवा हजर न्हाई झालो तर हवालदारीच्या कोर्सातनं नाव जाईल. तेवढं आज उरकून द्या."

मी म्हटलं, उरकतं. हँडल वळवलं, शिसं घासलं, पट्टी उचलली. आरसी बुकाशी ताडून पाहिलं आणि पुन्हा एकदा ताडलं. शेवटचे चार आकडे वेगळे होते. इंजिनचा नंबर पाहिला. तोही वेगळा. नंबर कुठं खोडलेला नव्हता, घासलेला नव्हता. गाडीच दुसरी होती.

अशा वेळी नियम सरळ आहे. आत कळवायचं, गाडी थांबवायची, पोलिसांकडे चौकशी. चोरीची गाडी निघाली तर ज्याच्या ताब्यात सापडली तो आधी आत. विलासला मी बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"शोरूममधनं घेतलीया चाचा. पाडव्याला. आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात दिली न्हाई. आन् वर्दीवाल्यावर चोरीची केस? माझं सगळं संपलं की वो."

मी त्याला चहा सांगितला आणि टेबलापाशी आलो. तो नंबर मी कुठंतरी पाहिला आहे असं सारखं वाटत होतं. आकड्यांच्या बाबतीत माझं डोकं असं आहे की बायकोचा वाढदिवस विसरेल पण चेसिस विसरणार नाही. डबा उघडला. पंधरा मिनिटं चाळला. आणि ती छाप सापडली. विलासच्या गाडीवरून नुकत्याच उचललेल्या छापेशी आकडा अन् आकडा जुळणारी. मागे माझ्याच अक्षरात नाव होतं: दत्ता. विलासचा थोरला भाऊ.

दत्ताही लष्करात होता. दोन वर्षांपूर्वी युनिटमध्येच काविळीनं गेला. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे वारस म्हणून गाडी आईच्या नावावर करून मग विकायची होती, आणि ते काम माझ्याकडे आलं होतं. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा गाडी गोठ्याशेजारी चादरीखाली झाकून ठेवली होती. मी चादरीला हात घातला तशी त्याची आई, वत्सलाआक्का, उंबऱ्यातून म्हणाली, "भाऊ, तिला हात लावू नगा. माझ्याच्यानं बघवायचं न्हाई." तिनं कागदांची पिशवी दिली. त्यात शोरूमच्या फाईलला टाचलेल्या तीन शिल्लक छापा होत्या. दत्ताच्या फाईलला एक मी आईचं नाव लावताना चिकटवली, एक पुढे विकताना, आणि तिसरी डब्यात टाकली. छाप आरसीशी जुळत होती, कारण दोन्हींवरचा नंबर शोरूमच्या कागदांतूनच आला होता. चादरीखाली कोणती गाडी आहे हे मी पाहिलंच नाही.

दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की, आईचं दुःख बघून मी मागे सरलो. ते अर्धंच खरं आहे. ऊन कडक होतं, मला अजून दोन गावं करायची होती, आणि पिशवीत आयती छाप मिळाली. पाच मिनिटं थांबून आक्काला घरात जायला सांगितलं असतं तर ती गेली असती.

मी डबा बंद केला. माझ्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विलासला म्हणालो, "आईला विचारायला पाहिजे. चल."

आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, दोन्ही गाड्या घरी आल्या त्या दिवशी काय झालं होतं? तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"दोगांची सुट्टी एकदम पडलेली. पाडवा हुता. दोन काळ्या गाड्या दारात लावल्या. नंबर अजून यायचा हुता. थोरल्याची आदी ववाळायची म्हून म्या पुढची ववाळली. हार घातला, बिब्बा बांदला. तर हा इलास म्हनतो, आई, ती माझी हाय, दत्ताची मागची. म्या म्हनलं, आता थोरल्याच्या नावानं ववाळली. ववाळलेली गाडी बदलायची न्हाई. त्यानं ती घ्यावी, तू ही घे. दोनी सारक्याच तर हैत."

विलासनं कपाळावर हात मारला. "व्हय चाचा. मग पंधरा दिसांनी नंबर आले. ज्याचं आरसी त्याचं, असं बघून प्लेटा बसवल्या. चेसिस कोन बघतंय?"

चेसिस बघायचं काम माझं होतं. आईनं ओवाळताना केलेली चूक निष्पाप होती. मी ती गाठून थांबवायला हवी होती, त्याऐवजी तिच्यावर शिक्का मारून पुढे पाठवली होती.

कारण दत्ताची गाडी, म्हणजे दत्ता वापरायचा ती, मीच सदाशिवला विकून दिली होती. सांगलीच्या गुळाच्या पेठेतला हा तोलाईदार. दोन वर्षं तो रोज त्या गाडीवर फिरत होता. विमा दरवर्षी वेळेवर, माझ्याच हातून. पण त्या पॉलिसीवर नंबर होता विलासच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा. उद्या सदाशिवनं कुणाला उडवलं किंवा त्यालाच कुणी उडवलं, तर कंपनीचा माणूस हँडल वळवून बघणार आणि कागद मिटून निघून जाणार.

मी सदाशिवला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पलूस सोडून सांगलीला येईपर्यंत मी सात वेळा लावला. पेठेत पोहोचलो तर त्याच्या काट्यापाशी दुसराच माणूस बसलेला. तो म्हणाला, "सदाशिव व्हय? सकाळीच गाडीवरनं दवाखान्यात गेला की."

"काय झालं?" मी विचारलं. 

"काय म्हाईत. म्हाताऱ्या बाला घिऊन गेला. घाईत हुता."

विलास आणि मी ढेपांच्या राशींशेजारी उभे राहिलो. मी पुन्हा फोन लावला, पुन्हा उचलला नाही. पाऊण तास गेला. कोपऱ्यावर दिसणारी प्रत्येक काळी गाडी मी त्याची समजत होतो. शेवटी ती आली. पुढे सदाशिव, मागे त्याचे वडील, डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

त्याला काही सांगायच्या आधी मी गाडीचं हँडल वळवलं आणि छाप घेतली. निघाला तो विलासच्या आरसीवरचा नंबर. आक्काचं बोलणं खरं ठरलं. सदाशिव हसत बघत होता.

"कागुद काय कमी हाय का चाचा? इमा तर दरसाल तुमच्याकडनंच भरतोय. आदी बाला मागं बसवायचं भ्या वाटायचं. आता न्हाई वाटत."

मी मान हलवली. छाप खिशात टाकली.

परतताना विलासनं तोडगा काढला. "चाचा, पाना घिऊन दहा मिन्टांचं काम हाय. प्लेटा बदलू, गाड्याबी बदलून घिऊ." पूर्वीसारखी साधी प्लेट असती तर आम्ही तेच केलं असतं आणि मी हा लेख लिहिला नसता. पण दोन्ही गाड्यांना नव्या सुरक्षा प्लेटा बसल्या होत्या. त्यांचं कुलूप एकदाच बसतं, काढायचं तर तोडावं लागतं, आणि तोडलं की नवी मिळवायला ऑफिसचं पत्र लागतं. त्या बसवणाऱ्यानंही चेसिस बघितला नव्हता. त्याला बोल लावायला माझं तोंड कुठं होतं?

एक वाट मात्र उघडी होती, आणि ती विलासला माहीत नव्हती. माझ्या खिशात सदाशिवच्या गाडीवरून घेतलेली छाप होती. ती विलासच्या फॉर्मवर चिकटवली की फाईल जुळली. माझी छाप कुणी निरखून बघत नाही. विलास उद्या रेल्वेत बसतो, कंपाउंडर खूश, माझी दोन वर्षांपूर्वीची चूक कायमची गाडली जाते. फक्त सदाशिव तसाच फिरत राहणार, आणि आता त्याच्या जोडीला कंपाउंडरही.

संध्याकाळी मी फॉर्म आणि छाप समोर ठेवून बसलो. मी चांगला माणूस आहे असं सांगायला हे लिहीत नाही. मी छाप एकदा फॉर्मच्या चौकोनावर ठेवूनही पाहिली. अगदी बरोबर बसत होती. मग त्या म्हाताऱ्याची हिरवी पट्टी डोळ्यांपुढे आली आणि 'आता न्हाई वाटत' हे शब्द. मी फॉर्म कोराच ठेवला आणि विलासला फोन केला, "उद्या ऑफिस उघडायच्या आधी ये. आईला घेऊन. सदाशिवला मी आणतो."

सकाळी दोन्ही गाड्या आवारात शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक लखलखीत, दुसरीच्या सीटवर गुळाचे काळे चिकट डाग. आमच्या इन्स्पेक्टर मॅडम तरुण, पण कामाला कडक. मला त्या चाचाच म्हणायच्या. मी दोन्ही आरसी, दोन्ही छापा पुढे ठेवल्या आणि पाडव्याची हकीगत सांगितली. विलास सावधान उभा होता, घड्याळ बघायचं नाही असं ठरवून. मॅडमनी दत्ताची जुनी फाईल मागवली. त्यातली छाप बघितली. मग गाडी बघितली. मग माझ्याकडे.

"ही छाप कोणी घेतली?"

आक्का म्हणाली, "बाई, म्याच त्येंला हात लावू दिला न्हाई."

ती मला वाचवायला बघत होती. ज्या बाईच्या दुःखाआड मी दोन वर्षं लपलो, तीच पदर पुढे करत होती. मला फार लाज वाटली.

"आक्कांचा दोष नाही," मी म्हटलं. "ही छाप मी गाडीवरून घेतली नाही. शोरूमची शिल्लक होती. मी चिकटवली. गाडी बघितली नाही."

मॅडमनी फाईल मिटली. नंतर म्हणाल्या, "लेखी द्या, शिकलगार." त्या दिवसानंतर त्यांनी मला चाचा म्हटलं नाही.

मी तिथंच टेबलावर लिहून दिलं. त्यांनी शोरूमची बिलं ताडून पाहिली, आक्काचा आणि विलासचा जबाब घेतला, वर साहेबांना दाखवून आल्या. बारा वाजत आले होते. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, यात चोरी नाही, अदलाबदल आहे. ज्याच्या कागदावर जी गाडी, ती त्यानं घ्यायची. प्लेटांसाठी पत्र मिळेल. विलासनं ड्यूटीवर जावं. "आणि शिकलगार, तुमच्या हातची फाईल उद्यापासून माझ्या टेबलावर नको."

विलासनं आता कुठं घड्याळ बघितलं. सदाशिव मात्र गोंधळला. "म्हंजे ही चकचकीत माझी? न्हाई मॅडम, मी कशी घिऊ? माझीवर गूळ वाहून तिचा खुळखुळा झालाय."

"घे दादा," विलास म्हणाला. "कागदानं तुझीच हाय."

आक्का मघापासून गुळाचे डाग पडलेल्या गाडीपाशी उभी होती. दत्ता हीच चालवायचा. हँडलखाली तिनं बांधलेला बिब्बा अजून होता, तेलकट दोऱ्यात, वाळून खडा झालेला. तिनं तो चाचपला. मग दुसऱ्या गाडीकडे पाहिलं. तिच्या मनात काय जुळत होतं ते मला एकदम कळलं, आणि ती ते बोलू नये असं वाटलं.

"म्हंजे म्या थोरल्याच्या नावानं ववाळली ती इलासची निगाली," ती म्हणाली. "दत्ताची ववाळायची राह्यलीच की."

 विलासनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मॅडम कागद बघत राहिल्या. दत्ता काविळीनं गेला, ओवाळणी चुकली म्हणून नाही, असं मी सांगायला गेलो आणि थांबलो, कारण डॉक्टरी ज्ञान तिला नको होतं.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "दोन्ही छापा आत्ता माझ्यासमोर घ्या." डागाळलेल्या गाडीची आधी घेतली. मग लखलखीत गाडीपाशी गेलो. गुडघे वाकवताना कळ आली. हँडल एका हातानं वळवून धरायचं आणि दुसऱ्यानं घासायचं, हे मला त्या दिवशी जमेना. हँडल दोनदा हातातून सुटलं. तेवढ्यात आक्का पुढे आली.

"कुठं धरू, भाऊ?"

मी दाखवलं. तिनं दोन्ही हातांनी हँडल वळवून घट्ट धरलं. मी शिसं घासलं, पट्टी दाबली, उचलली. आकडे स्वच्छ आले. मी उठलो तरी तिनं हँडल सोडलं नाही. मग तिनं दिव्याभोवती, टाकीभोवती दोन्ही तळवे फिरवले आणि कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. सदाशिवला म्हणाली, "दमानं चालीव बाबा. पोराची गाडी हाय."

सदाशिव तिच्या पाया पडला आणि वडिलांना दवाखान्यात न्यायला निघून गेला. दत्ता वापरायचा ती ओवाळलेली गाडी विलासनं कंपाउंडरला विकली नाही. आईला तिच्यावर बसवून घरी सोडलं आणि दुपारी मिरज गाठलं. स्टेशनवरून त्याचा फोन आला होता, जागा मिळाली म्हणून.

मी टेबल आवरलं. पत्र्याचं टेबल एका पंक्चरवाल्याला दिलं. डब्यातल्या शिल्लक छापा मात्र टाकून दिल्या नाहीत. एसटीनं एकेका गावाला गेलो, जेवढ्या गाड्या सापडल्या तेवढ्यांची हँडलं वळवून नंबर ताडले. सगळे जुळले. तरी डबा अजून पुरता रिकामा झालेला नाही.

तीस वर्षं मी एकेका गाडीच्या तीन-तीन छापा घेतल्या. त्या दिवशी, आक्कानं हँडल धरलं होतं तेव्हा, एकच घेतली.